सात पातळांचा सौदा

ऑकलंडमधल्या आमच्या मराठी मंडळींत सिस्टरांचा विषय निघाला की सगळ्यांचे चेहरे मऊ होतात. "अशी माणसं आता होत नाहीत," असं कुणीतरी म्हणतं, आणि मग जो तो आपापल्या घरातल्या गोधडीचं वर्णन करायला लागतो. मी अशा वेळी उठतो आणि चहाचे रिकामे कप आत नेऊन ठेवतो. त्यांनी खुशाल कौतुक करावं. त्यांच्या पलंगावर सिस्टरांची गोधडी आहे. माझ्या पलंगावर सेलमध्ये घेतलेली दुलई आहे. ती का आहे हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून न विचारताच सांगतो. आणि या बाईंना मी अहोजाहो करतो ते सवयीने. प्रेमाने करतो असं कुणी समजू नये.

सिस्टर मूळच्या मिरजेच्या. नर्सिंग तिथेच शिकल्या आणि पुढे तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या शेजारी उभ्या राहिल्या. लग्न केलं नाही. हिल्सबरोला उतारावर त्यांचं घर होतं, वर त्या आणि खालच्या खोलीत एक भाडेकरू. २०११ साली शिकायला म्हणून आलो तेव्हा तो भाडेकरू मी झालो. पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हणालो.

"काकू व्हायला काका लागतो," त्या म्हणाल्या. "सिस्टर म्हण. त्यासाठी मी परीक्षा दिलीय."

भाडं ठरवताना मी घासाघीस केली. घासाघीस मला जमते, माझं पोट आज त्यावरच चालतं. खोलीत ओल आहे, खिडकी दक्षिणेकडे आहे, इथे दक्षिणेकडून ऊन येत नाही, बस लांब आहे, असं मी अर्धा तास बोललो. सिस्टर पूर्ण वेळ माझ्याकडे लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "झालं तुझं? छान बोलतोस. भाडं तेवढंच." जिच्यापुढे माझं काही चाललं नाही अशी ही आयुष्यातली पहिली बाई. पहिली नव्हे, दुसरी. पहिली माझी आई.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. गाडी चालवायच्या पण रिव्हर्स घ्यायच्या नाहीत, कधीच नाही. कुठेही गेल्या तरी जिथून सरळ पुढे निघता येईल अशी जागा मिळेपर्यंत फिरत राहायच्या. हिल्सबरोच्या दुकानांसमोर त्यांना मी एकदा लागोपाठ चार चकरा मारताना पाहिलं आहे. "मागे बघून चालवायचं तर पुढची काच कशाला दिलीय," असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघरात शिरताना दोन्ही हात कोपरात दुमडून छातीसमोर वर धरायच्या, जणू आत्ताच हात धुऊन थिएटरमध्ये चालल्यात. आणि रिटायर झाल्यावर त्या गोधड्या शिवायच्या.

गोधड्या शिवायला त्यांच्याकडे मशीन नव्हतं. जाड सुई, पांढरा दोरा आणि थिएटरमधून निवृत्त झालेला एक चिमटा. आठ-दहा पदरांतून सुई ओढून काढायची तर बोटांचं काम नाही, चिमट्यानेच ओढायची. गाठ एका हाताने मारायच्या, सर्जन मारतात तशी, आणि ती गाठ सात जन्मांत सुटणार नाही. धावदोरा इतका सरळ की शाईने आखल्यासारखा.

नवं कापड त्यांना चालत नसे. शेजारच्या चर्चच्या हॉलमध्ये इथल्या बायकांचा क्विल्टिंगचा क्लब होता. त्यांनी सिस्टरांना मोठ्या अगत्याने बोलावलं. सिस्टर एकदा जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "दुकानातून नवं कापड आणतात, चांगलं फाडतात, आणि परत जोडतात. आमच्याकडे अशा पेशंटला वेगळ्या वॉर्डात ठेवायचे." त्यांना वापरलेलं कापड लागायचं, विटलेलं, विरलेलं. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायच्या, तुमचा हा शर्ट फेकायची वेळ आली तर फेकू नका, आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून द्यायच्या. लोक खरंच पाठवायचे. पोस्टाने आलेला शर्ट उजेडासमोर धरून त्या वाचायच्या. "डावा खांदा विरलाय. पिशवी डावीकडे अडकवतो. कोपर दोन्ही शाबूत, म्हणजे टेबलावरचं काम नाही. उभ्याने काम करतो बिचारा."

आणि एक नियम होता. तो नीट सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळे झालं. गोधडीला वरून ठिगळं दिसतात, खालून अस्तर असतं आणि या दोन्हींच्या मध्ये जुन्या कापडाचे थर असतात. त्याला सिस्टर पोट म्हणायच्या. पोटात काय घातलं आहे ते त्या आधी सांगत नसत. ज्याला गोधडी दिली त्याने तिच्याखाली एक रात्र झोपायचं आणि मग त्यांना येऊन सांगायचं. त्या विचारणार, "थंडी लागली का?" तो म्हणणार, नाही. मग पोटात काय आहे ते त्या सांगणार.

"आधी सांगितलं तर माणूस कापडाचा विचार करत पडतो," त्या म्हणायच्या. "झोपत नाही."

लोकांना याची गंमत वाटायची. मलाही वाटायची.

आता माझ्या आईचं. आमचं घर कराडचं. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. आमच्या दारावर महिन्यातून एकदा बोहारीण यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि पाठीला जुन्या कपड्यांचं गाठोडं. आई उंबऱ्यात मांडी घालून बसायची आणि तासभर तो सामना चालायचा. वडिलांच्या दोन पँटी आणि माझे शाळेचे शर्ट यांवर आईने झाकणाचा डबा घेतलेला मी पाहिला आहे. बोहारीण म्हणायची, ताई, तुम्ही मला लुटता. आई म्हणायची, मग पुढच्या महिन्यात येऊ नकोस. ती यायचीच. मी धंदा शिकलो तो त्या उंबऱ्यात. पण बोहारणीने आईच्या पातळांकडे बोट दाखवलं की सामना तिथेच संपायचा. रोजच्या वापराची सुती पातळं होती, धुऊन धुऊन मऊ झालेली, त्यात किमतीचं काहीही नव्हतं. "ती नाही," आई म्हणायची. "ती भांड्यावर द्यायची नाहीत."

२०१४ मध्ये आई गेली. इथे कायम राहता यावं म्हणून केलेला माझा रेसिडन्सीचा अर्ज तेव्हा विचारात होता आणि पासपोर्ट इमिग्रेशनवाल्यांकडे पडला होता. मी गेलो नाही. यावर मला कुणी काही बोललं नाही, मीही बोलत नाही. वहिनीने इकडे येणाऱ्या एका नर्सबरोबर आईची सात पातळं पाठवली. डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यांतलं एक आंब्याच्या रंगाचं, काळ्या रुईफुली काठांचं. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आईने ते नेसलं होतं आणि आमच्या गल्लीत, जिला लोक वाड्याची वाट म्हणतात, पेढे वाटले होते.

सात पातळं सुटकेसमध्ये ठेवून माणूस काय करणार? तोवर मी खालची खोली सोडून अवोन्डेलला माझं स्वतःचं छोटं यार्ड टाकलं होतं. जुन्या व्हॅन घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या. मी सिस्टरांकडे गेलो आणि म्हणालो, याची गोधडी करून द्या.

"ऑर्डरची मी करत नाही."

मी तीन आठवडे जात राहिलो. शेवटी त्यांना काय हवंय ते मला कळलं. क्विल्टिंग क्लबच्या बायका दर उन्हाळ्यात मोठमोठ्या मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन दक्षिणेकडे जायच्या, मशीनसकट. वाटेतल्या गावांतली कापडाची दुकानं बघायची, संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर शिवत बसायचं. त्यांचं पत्रक सिस्टरांनी फ्रिजला लावलं होतं, आणि त्यावर पेनने लिहिलं होतं, दुकानं नकोत, माणसं. त्यांना जायचं होतं, पण कॅम्परव्हॅन रिव्हर्सशिवाय चालत नाही.

माझ्याकडे त्याच वेळी मायदेशी निघालेल्या दोन जर्मन मुलींकडून स्वस्तात घेतलेली एक कॅम्परव्हॅन उभी होती. सौदा ठरला. व्हॅन माझी, ड्रायव्हर मी, उन्हाळ्यात सहा आठवडे, ऑकलंडपासून पार खाली ब्लफपर्यंत. त्या म्हणतील तिथे थांबायचं. बदल्यात, त्यांचे शब्द मला पाठ आहेत, "तुझ्या आईची गोधडी मी करून देईन."

"फक्त आईच्या पातळांची," मी म्हणालो.

"तुझ्या आईची गोधडी," त्या परत म्हणाल्या. "पण वाटेत मी काय करतेय ते विचारायचं नाही."

मी हो म्हणालो. ज्या अटीला पैसे पडत नाहीत ती अट मी कधी नीट वाचत नाही. धंद्यातली माझी ही एकच खोड, आणि ती मला एकदाच नडली.

२०१५ च्या डिसेंबरात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, यार्ड सहा आठवडे बंद ठेवलं. ज्याचं स्वतःचं यार्ड आहे त्याला याचा अर्थ कळेल. व्हॅनच्या मागच्या भागात सिस्टरांनी आपलं दुकान मांडलं. छोट्या, गुडघ्यांवर घेण्याएवढ्या गोधड्यांची पोटं त्यांनी घरीच टाचून आणली होती. वाटेत माणसं भेटतील तशी वरची ठिगळं लावायची. माझी मोठी गोधडी त्या पडदा ओढून शिवायच्या. मी विचारायचं नव्हतं. मी विचारलं नाही.

टौरंगाच्या बाहेर समुद्राला लागून एक कॅम्पग्राउंड आहे, तिथे आम्ही आठवडाभर थांबलो. शेजारच्या कॅराव्हॅनमध्ये किवीफळांच्या बागेत काम करणारी एक बाई राहत होती, खांदे रुंद, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, आवाज मोठा. तिने दुसऱ्या दिवशी मुलाची फाटकी रग्बी जर्सी आणून दिली. सातव्या दिवशी सकाळी ती गोधडी खांद्यावर टाकून आमच्या दाराशी आली.

"थंडी लागली का?" सिस्टरांनी इंग्रजीत, अगदी वॉर्डातल्या आवाजात विचारलं.

"नाही, सिस्टर. घोरले म्हणतात."

"मग ऐक. पोटात एका बस ड्रायव्हरचे दोन शर्ट आहेत आणि माझ्या शेजारणीच्या स्वयंपाकघराचा पडदा."

ती बाई इतकी हसली की समुद्रपक्षी उडाले. मी व्हॅनच्या चाकाशी वाकून हवा बघत होतो. मीही हसलो. गोधडीवरची ठिगळं काही मी बघितली नाहीत. त्या वेळी बघितली असती तर भांडण उत्तर बेटावरच उरकलं असतं.

ते झालं टेकापोला. तोवर आम्ही बोटीने दक्षिण बेटावर आलो होतो. तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडच्या सामायिक स्वयंपाकघरात सकाळी गर्दी असते. मी अंडी फोडत होतो. सिस्टर कप विसळत होत्या. तेवढ्यात तिमारूकडचा एक निवृत्त ट्रकवाला, ज्याच्याशी त्यांची मैत्री झाली होती, आत आला आणि थंडी लागली नाही असं सांगायला लागला. गोधडी त्याने शालीसारखी लपेटली होती. आणि त्याच्या छातीवर आडवी, वीतभर रुंद, आंब्याच्या रंगाची पट्टी होती. काळा रुईफुली काठ.

मी अंडं तसंच हातात धरून उभा राहिलो.

"सिस्टर. हे आईचं आहे."

"हो."

"तुम्ही कापलंत?"

"काठ काढलेत."

"कुणाला विचारून?"

"तू विचारणार नाहीस असं ठरलं होतं ना? मग मी तरी कशाला विचारू."

"आणखी कुणाकुणाला दिलेत?"

त्यांनी बोटांवर मोजलं. टौरंगाची ती बाई. बोटीवर भेटलेलं म्हातारं जोडपं. नेल्सनची शाळामास्तरीण. आता हा. एकेकाला एकदोन पातळांचे काठ. मला हिरवा आठवला, मग जांभळा आठवला. उत्तरेपासून इथपर्यंत माझी आई तुकड्यातुकड्याने वाटली गेली होती, आणि वाटायला नेणारी गाडी मी चालवत होतो.

"तुझी आई कुणाला काही देत नव्हती का रे?" सिस्टरांनी शांतपणे विचारलं.

"देत होती. स्वतःच्या हाताने देत होती."

यानंतर मी जे बोललो ते मराठीत होतं, पण आवाजावरून त्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना कळलं. सगळ्यांचे हात थांबले. नळ तेवढा वाहत होता. मी म्हणालो, सौदा मोडलात. मी म्हणालो, सहा आठवडे मला ड्रायव्हर म्हणून राबवलंत. आणि मग म्हणालो, "तुमचं स्वतःचं कुणी नाही, म्हणून लोकांच्या घरची कापडं फाडत फिरता."

सिस्टरांनी कप पुसला, उपडा ठेवला, दुसरा उचलला. त्यांचा चेहरा मी नंतर पुष्कळदा आठवून बघितला आहे. त्यावर काहीही नव्हतं. थिएटरमध्ये पेशंट हातचा जाताना नर्सच्या चेहऱ्यावर काही नसावं, तशी शिकवण असते म्हणे.

"चहा घेणार आहेस का?" त्या म्हणाल्या.

त्या ट्रकवाल्याने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गोधडी काढून मला देऊ केली. भला माणूस होता. मी घेतली नाही. वीतभर तुकडा परत घेऊन काय करायचं, मला सगळी पातळं हवी होती, आख्खी.

तिथून ब्लफ आणि ब्लफहून ऑकलंड, आम्ही एका व्हॅनमध्ये होतो आणि बोलत नव्हतो. मी मागे फिरणार होतो, पण सौद्यात ब्लफपर्यंत असं ठरलं होतं, आणि मी माझ्या बाजूने सौदा मोडत नाही. सिस्टर गाडीशी बोलायच्या. "गाडीबाई, पुढे डावीकडे." "गाडीबाई, इथे वीस मिनिटं थांबा, मला बाथरूमला जायचंय." मी गाडीबाई असल्यासारखा वळायचो आणि थांबायचो. मागे पडद्याआड चिमट्याचा आवाज चालू असायचा, टक, टक, दिवसभर. त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. वाटायचं, आता काय शिवताय, काठ तर वाटून झाले.

हिल्सबरोला त्यांच्या दारात मी सामान उतरवलं. त्यांनी शेवटी ती मोठी गोधडी आणून माझ्यापुढे धरली.

"दोन्ही हातांनी धर, जड आहे. एक रात्र झोप, मग सांगायला ये."

मी उलगडली. वर निळे हॉस्पिटलचे चौकोन, कुणाच्या तरी शर्टाच्या पट्ट्या, फुलांचा पडदा, जर्सीचा तुकडा. आईचा म्हणून एका कोपऱ्यात तळहाताएवढा हिरवा चौकोन. एक.

मी घडी केली, व्हॅनमधल्या मागच्या सीटखाली कोंबली आणि गेलो. झोपलो नाही. सांगायला गेलो नाही. माझं म्हणणं साधं होतं. जिने सौदा मोडला तिने आधी यावं.

दोन महिन्यांनी ती व्हॅन विकायला काढली. दक्षिणेकडून आलेलं एक तरुण जोडपं होतं, तो सुतार, ती कुठेतरी नर्स. मुलगा भावात घट्ट. मी माझ्या आकड्यावर, तो त्याच्या. अवोन्डेलच्या उन्हात आम्ही तासभर उभे होतो आणि कुणीच हलत नव्हतं. तेवढ्यात त्या मुलीने मागची सीट उचलली.

"ही व्हॅनबरोबर येते का?"

"केवढी जड आहे," मुलगा हात लावून म्हणाला.

गिऱ्हाइकाचा जीव कशात अडकला हे मला बरोबर कळतं. आईने शिकवलंय. मी म्हणालो, "येते. हाताने शिवलेली आहे, दुकानात मिळणार नाही. पण मग भाव माझा."

मुलीने मुलाकडे बघितलं. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं तो म्हणाला आणि हात पुढे केला.

त्या दिवशी मी खूश होतो हे लपवत नाही. भाव माझा झाला आणि डोळ्यांसमोरची कटकट गेली.

पुढे साडेतीन वर्षं मी हिल्सबरोच्या रस्त्याने गेलो नाही. २०१९ च्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका फार्मसिस्ट बाईंचा फोन आला. सिस्टरांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात आहेत, आणि तुला विचारतात. "बाकी सगळ्यांनी येऊन सांगितलं म्हणे, तू एकटाच राहिलास. कशाबद्दल ते मला काही कळलं नाही."

मी गेलो तो भांडण पुरं करायला गेलो. वाक्यं तयार होती. आजारी माणसाशी भांडू नये असं म्हणतात, पण आजारी माणसं मरतात आणि मग भांडण आपल्याकडेच राहतं.

दुपारची वेळ होती. खिडकीतून ऊन त्यांच्या खुर्चीवर आलं होतं. मांडीवर रेस्ट होमचं विरविरीत, गुलाबी ब्लँकेट होतं. उजवा हात त्यात निजल्यासारखा पडलेला, डावा त्यांनी जुन्या सवयीने छातीसमोर उचलून धरला होता. जीभ थोडी जड झाली होती, पण बोलणं तेच.

"साडेतीन वर्षं झोपतोस," त्या म्हणाल्या, "आणि सांगायला आज येतोस होय?"

मी पहिलं वाक्य काढणार तोच त्यांनी विचारलं, "थंडी लागली का?"

मी भिंतीजवळची खुर्ची ओढून बसलो.

"कशी लागेल," त्या आपल्याच म्हणाल्या. "सात पातळं आहेत पोटात. सगळीच्या सगळी, आख्खी. काठ तेवढे काढले. काठ पोटात घालत नाहीत, ताठ असतात, सुई अडते आणि अंगाला टोचतात. टाकून कसे देणार, म्हणून वाटले."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत चाललं होतं. मी तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकला.

"वर का नाही लावलीत?" माझ्या तोंडून आलं. "वर मला दिसली असती."

"वरचं कापड विटतं रे. उन्हाने विटतं, धुण्याने झिजतं, पाच वर्षांत फाटतं. मग त्यावर दुसरं ठिगळ. जे टिकायला हवं ते पोटात घालतात." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "जड वाटते ना?"

"हो," मी म्हणालो. "जड आहे."

"आणि थंडी?"

"नाही लागत."

"मग तिथे एवढा ओरडलास कशाला," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले, काम उरकल्यासारखे. टेकापोचं ते शेवटचं वाक्य मला परत घ्यायचं होतं. तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी थांबलो नाही. पंधरा दिवसांनी सिस्टर गेल्या.

त्या जोडप्याचा नंबर मी जुन्या कागदांतून शोधून काढला. मुलीला व्हॅन आठवत होती, गोधडीही आठवत होती. छान उबदार होती, म्हणाली. व्हॅन त्यांनी पुढच्याच वर्षी क्वीन्सटाउनला कुणा प्रवाशांना विकली. आणि गोधडी? "ती व्हॅनबरोबर गेली," ती म्हणाली. "तुम्हीही तशीच दिली होतीत ना?"

मी तशीच दिली होती. ज्या पातळांकडे बोहारणीला बोट दाखवू दिलं नाही, ती सातही मी भर दुपारी, हसत, एका भावावर देऊन मोकळा झालो. त्याबद्दल मला कुणी लुटलं नाही. मीच सौदा जिंकलो.

आणि तरी माझा राग त्या बाईंवर आहे. असू दे. एका वाक्याचं काम होतं. कप पुसता पुसता म्हणायचं, अरे, पोटात आहेत. तेवढं म्हणायला त्यांचा नियम आडवा आला. रिव्हर्स घ्यायची नाही म्हणजे नाही, मग समोरचा खड्ड्यात जाईना का. आणि शेवटी त्या समाधानाने गेल्या, मी त्या गोधडीखाली झोपतो असं समजून, आणि ते खोटं बोलायचं काम माझ्यावर टाकून. लोक म्हणतात सिस्टरांनी कुणाला काही मागितलं नाही. मला मागितलं, थंडी लागली नाही एवढंच, आणि मी दिलं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

आता यार्डात जुनी कॅम्परव्हॅन आली की बाकीचे डीलर आधी इंजिन बघतात. मी मागे जातो आणि सीट उचलतो. विकायला आलेल्याला वाटतं मी गंज शोधतोय.

"काही सापडलं का?" तो काळजीने विचारतो.

"नाही," मी म्हणतो, सीट खाली टाकतो आणि भावाला बसतो. त्या माणसाला त्या दिवशी माझ्याकडून चांगला भाव मिळत नाही.